पंचम लावून मालकंस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीताची तुलना करणारा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की गोऱ्यांचं संगीत कागदावर असतं आणि आपलं कानात; समोरचा कागद काढून घेतला की त्यांचा वादक हात बांधल्यासारखा बसतो. वर उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांत जॅझ शिकणाऱ्या पोरांचं नाव घेतलंय. तिथे मात्र मला राहवलं नाही.

मी मिरजेचा. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं मेकॅनिक होतो आणि त्याच्या आधीपासून पेटी वाजवतो. कीर्तन, भजन, नाट्यसंगीत, गणपतीतले कार्यक्रम, आणि निवृत्तीनंतर एका विद्यापीठाच्या संगीत विभागात प्रात्यक्षिक परीक्षांना साथ. पंडित वगैरे कोणी नाही. पण लेखकाने ज्यांना कागदावरचे ठरवलं, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर मी अडीच महिने बसून आलोय. मुलगी टेक्सासमध्ये असते. नात तिथल्या एका विद्यापीठात सॅक्सोफोन घेऊन जॅझची पदवी करते. २०२३ साली गेलो होतो तेव्हा नातीने तिच्या सरांना विचारून मला वर्गात नेलं. घरी बसून डाळ निवडण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो.

आधी एक चूक दुरुस्त करतो. जॅझ गोऱ्यांचं नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. विद्यापीठांत ते फार उशिरा शिरलं. त्याच टेक्सास राज्यात डेंटन म्हणून गाव आहे, तिथल्या कॉलेजात १९४७ साली जॅझचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तोसुद्धा 'डान्स बँड' या नावाखाली, कारण कॉलेजात जॅझ शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्याच्या आधीचे सगळे थोर लोक शिकले ते कानाने. चार्ली पार्कर हा कॅन्सस सिटीचा सॅक्सोफोनवाला, जन्म १९२०. सोळा-सतरा वर्षांचा होता तेव्हा उन्हाळ्यात डोंगरातल्या एका ठिकाणी नोकरीला गेला, आणि बरोबर लेस्टर यंग या सॅक्सोफोनवाल्याच्या तबकड्या घेऊन गेला. दिवसभर त्यातला एकेक तुकडा ऐकायचा, वाजवायचा, पुन्हा ऐकायचा. परत आला तो दुसराच माणूस होऊन. एरल गार्नर नावाचा पियानोवाला तर जन्मभर नोटेशन वाचायला शिकलाच नाही. आता यांच्यापुढे कागदाचं काय घेऊन बसायचं?

पण मला या विषयात ओढणारी गोष्ट अमेरिकेतली नाही, म्हापशाची आहे.

१९८५ सालची गोष्ट. गोव्याच्या गाडीचं क्लच प्लेटचं काम निघालं म्हणून मला म्हापशाला पाठवलं. सामान यायला दोन दिवस. ज्या घरी मुक्काम केला तिथला म्हातारा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून गावी परतलेला. मी पेटी वाजवतो म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, 'गातोस काय?' मी म्हटलं नाही, वाजवतो. त्यावर त्याने तोंड वाकडं केलं. त्याच्या लहानपणी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत पोरांना व्हायोलिनला हात लावू देत नसत. आधी हाताने मात्रा मोजत 'डो रे मी' गायचं, कागद समोर असला तरी तोंडाने वाचायचा. ते गळ्यातून नीट निघायला लागलं की मग वाद्य. गोव्यातून मुंबईला आलेली ती सगळी पिढी याच वाटेने आली. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याकडे ज्याचा ट्रम्पेट होता तो चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. आपण ज्या गाण्यांवर माना डोलावतो त्यांच्या मागचा वाद्यवृंद या कानांनी उभा केलाय.

म्हाताऱ्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेली एक तबकडी म्हाताऱ्याने मला दिली, त्याच्याकडे प्लेअर राहिला नव्हता म्हणून. माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवाल्याची 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ सालची. जॅझमधली सगळ्यात नावाजलेली तबकडी आहे हे मला तेव्हा कुठलं माहीत.

मिरजेला आल्यावर रात्री जेवणं झाल्यावर ती लावली आणि पेटी पुढ्यात ओढली. पहिल्या बाजूचा पहिला तुकडा. ऐकता ऐकता हसूच आलं, कारण हा तर आपला काफी राग. ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. चार-चार मात्रांचे सोळा बार एका सा वरून, मग आठ बार अर्धा सूर वर चढून तेच, मग आठ बार पुन्हा खाली. इतकं सोपं. म्हटलं, साथ करू. पण सा सापडेना. पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी, धरली तर तबकडी वर. काळी दोन धरली तर तबकडी खाली. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी सूर अडकलेला. दोन्ही आवाज एकत्र आले की कानात लाटा उठायच्या, दात शिवशिवावेत तशा.

मी पडलो मेकॅनिक. पहिला संशय मोटरवर. तबकडीच्या मधल्या कागदावर खडूने खूण केली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर व्हायला हवेत. शंभरच झाले. मग संशय पेटीवर. सूर लावणाऱ्याकडे घेऊन गेलो, त्याने वाजवून बघितली आणि म्हणाला, हिला काही झालेलं नाही, तुम्ही कान साफ करा. शेवटी तबकडीची दुसरी बाजू लावली. तिथला पहिला तुकडा सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्यासारखा डुलणारा. पांढरी पाच धरली, आणि काय सांगू, कुलपात किल्ली बसावी तशी बसली. एक बाजू पेटीला जुळते, दुसरी जुळत नाही. तोच प्लेअर, तीच पेटी, तेच कान. बायको म्हणाली, मग त्या वाजवणाऱ्यांचंच चुकलं असेल. मीही तेच धरून चाललो आणि तबकडी ठेवून दिली.

याचा उलगडा अडतीस वर्षांनी झाला. टेक्सासमध्ये एका संध्याकाळी ही कथा सांगितली तर नात उडालीच. म्हणे, आजोबा, हे तुम्ही एकट्याने ओळखलं? पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग २ मार्च १९५९ ला झालं. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नीट वेगाने वाजवली की सूर चढतो. साधारण पाव सूर चढला. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक. तेव्हापासून जगभर विकली गेलेली तबकडी अशी चढ्या सुरातच होती, १९९२ सालच्या आवृत्तीत ती उतरवून जागेवर आणली. वाजवणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या सूर लावणाऱ्याला हे सांगायचं राहून गेलं, तो आता नाही.

हे एवढं लांबण लावलं त्याला कारण आहे. छापील कागदावर त्या तुकड्याचा सा पांढरी दोनच लिहिलेला असतो. नुसता कागद वाचणाऱ्याला तबकडीत काही बिघाड आहे हे कधी कळणार नाही. तबकडीबरोबर वाजवून बघणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. आणि तिथे पोरांना हेच करायला लावतात.

आता वर्गाचं सांगतो. वीस-बावीस पोरं, एक पियानो, एक फळा. विषयाचं नाव 'इअर ट्रेनिंग', म्हणजे कानाची तालीम. सर पियानोवर चार सुरांचा एक गुच्छ दाबतात, कॉर्ड म्हणतात त्याला, आणि बोट एखाद्या पोराकडे करतात. त्याने तो गुच्छ खालपासून वरपर्यंत गाऊन दाखवायचा, मग त्याचं नाव सांगायचं. नाव आधी सांगितलं तर सर ऐकतच नाहीत. गळा कसाही असो. ढोलवाल्यालाही गावं लागतं. सुरांची नावं 'डो रे मी' चीच, पण डो सरकता, म्हणजे ज्या पट्टीत गाणं असेल तिथला सा तो डो. अगदी आपल्यासारखं. फ्रान्समध्ये तसं नाही म्हणे, तिथे डो म्हणजे कायम पांढरी एक. सूर कोमल झाला की त्याच्या नावातला उच्चार बदलतो, मी चा मे होतो, ला चा ले. चढला की फा चा फी. आपण 'कोमल गंधार' म्हणतो त्याला ही पोरं नुसतं 'मे' म्हणून मोकळी. गाताना ते सोयीचं पडतं, हे मान्य करावं लागेल.

त्या वर्गात एक मुलगा असा होता, की कपबशीचा आवाज झाला तरी तो कुठल्या सुरात झाला ते सांगेल. सगळ्यांना त्याचा हेवा. मला मात्र त्याची कीव आली. कारण माझी नात वाजवते त्या आल्टो सॅक्सोफोनचा हिशेब निराळा आहे, त्यावर कागदावरची पांढरी एक वाजवली की बाहेर निघते काळी दोन. नातीला त्याचं काही वाटत नाही, तिचा सा सरकतो. या बिचाऱ्याच्या डोळ्यांना एक दिसायचं आणि कानाला दुसरं टोचायचं. देवाने दिलेला कानही शिकवावाच लागतो.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो. दोन सुरांमधलं अंतर ओळखा, असा खेळ चालला होता, आणि मी मागून मनातल्या मनात सगळी उत्तरं देत होतो. तिथली पोरं अंतरं पाठ करताना एकेका गाण्याची सुरुवात लक्षात ठेवतात. सरांना ते फारसं पसंत नव्हतं. त्यांनी एकदा सा–ग वाजवलं आणि मग प–नि. दोन्ही अंतरं सारखीच, चार अर्धे सूर. पण सा–ग ऐकताना ओसरीवर बसल्यासारखं वाटतं, आणि प–नि ऐकलं की कोणीतरी दार वाजवतंय असं. मग नुसतं अंतर मोजून काय मिळालं? सूर कुठे उभा आहे, ते ऐका. हे आपल्याकडच्या कुठल्याही गवयाला पटेल.

दुसऱ्या आठवड्यात माझी उतरली. सरांनी एक चाल पियानोवर वाजवली, खाली कॉर्ड बदलत होते, आणि म्हणाले, आता फक्त सगळ्यात खालचा सूर गा. पोरं गायला लागली. मला खालचा सूर ऐकूच येईना. पन्नास वर्षं गायकाच्या मागे वाजवलं, कान सदैव वरच्या मजल्यावर. तळघरात कधी उतरलोच नाही. आपल्याकडे खाली तानपुरा असतो, तो जागचा हलत नाही, त्यामुळे खाली बघायची गरजच पडत नाही. आणि इथे खालची जमीनच चालत होती.

ही जमीन चालते म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी करून बघावं. पांढरी एक सा धरा. उजव्या हाताने रे म ध सां हे चार सूर एकदम दाबा. मग ध चा प करा आणि सां चा नि, बाकीची दोन बोटं तिथेच ठेवा, म्हणजे रे म प नि. मग रे चा सा आणि म चा ग, म्हणजे सा ग प नि. तीन गुच्छ झाले. जॅझमधली निम्मीअधिक गाणी या तीन पावलांवर उभी आहेत. ते याला टू-फाइव्ह-वन म्हणतात, कारण खाली बेसवाला रे, प, सा वाजवत असतो. आता पुन्हा करा, आणि फक्त सां कडे लक्ष द्या. पहिल्या गुच्छात तो अधांतरी लटकलेला. दुसऱ्यात त्याला अर्धा सूर खाली नि वर यावंच लागतं; हट्टाने धरून ठेवलात तर शेजारच्या नि शी त्याचं भांडण लागतं. आणि तो नि वर टेकला की मग म ला राहवत नाही, तोही तिसऱ्या गुच्छात ग वर उतरतो. सां ने नि ला, म ने ग ला. एवढी दोन उतरणं ज्याच्या कानाला ऐकू आली, त्याला पुढे कुठला कॉर्ड येणार हे आधीच कळायला लागतं. त्या वर्गात पोरं तीन-तीन आठवडे हीच दोन उतरणं बाराही पट्ट्यांत गात होती. बाहेरून जाणाऱ्याला वाटेल, भजनी मंडळ बसलंय.

मला ती ऐकू यायला लागली त्याचं श्रेय आमच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना. मी नोकरीला लागलो तेव्हा ते इंजिन उघडूच देत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला, आणि सांगायचं कुठला टॅपेट ढिला आहे. लेलँडचं इंजिन धडधडतंय, शेजारी कॉम्प्रेसर, बाजूला कोणी पत्रा ठोकतोय, आणि त्यातून तो एक टकटक आवाज वेगळा काढायचा. चुकीचं झाकण उघडलं की मिस्त्री बोलायचे नाहीत, नुसतं आपल्याकडून ते पुन्हा बसवून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात वर्गात डोळे मिटून मी वरची चाल सोडून दिली, कॉम्प्रेसर सोडून द्यायचो तशी, आणि खाली टकटक शोधली. सापडली. पुटपुटत गायलोसुद्धा. पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून अंगठा दाखवला.

नातीचं घरकाम वेगळंच असायचं. एका जुन्या वादकाचा एक एकल तुकडा निवडायचा आणि तो नुसता ऐकून बसवायचा. अट अशी, की तबकडीबरोबर संपूर्ण गाता येईपर्यंत सॅक्सोफोनला हात लावायचा नाही, आणि वाजवता येईपर्यंत कागदावर उतरवायचा नाही. ही अट नवी नाही. लेनी ट्रिस्टानो नावाचा आंधळा पियानोवाला होता, १९७८ साली गेला. तो शिष्यांना लेस्टर यंग आणि पार्करचे तुकडे आधी गायलाच लावायचा. नातीने बत्तीस बारांना पाच आठवडे घेतले. बत्तीस बार म्हणजे द्रुत लयीत मिनिटभरसुद्धा होत नाही. गाडीत, स्वयंपाकघरात, कपड्यांच्या घड्या करताना तेच गुणगुणणं. एका ठिकाणी अडायची. तिथे वादक सूर लावायच्या आत श्वास घेतो आणि सूर मात्रेच्या किंचित मागून येतो. ती दर वेळी मात्रेवर यायची. मी म्हटलं, तू सूर ऐकतेस, त्याचं थांबणं ऐकत नाहीस. माझ्याकडे बघून म्हणाली, सरांनीपण हेच सांगितलं, पण तुम्ही मराठीत सांगितल्यावर जास्त लागलं.

आता अवघड जागा फोनवर हळू करून ऐकता येते, सूर न बदलता. आमच्या जुन्या प्लेअरला सोळाचाही वेग होता. तेहतीसची तबकडी सोळावर लावली की लय निम्मी व्हायची आणि सगळं बरोबर एक सप्तक खाली जायचं, सॅक्सोफोनचा म्हैस हंबरल्यासारखा आवाज. पण पट्टी तीच राहायची, त्यामुळे पेटीवर शोधता यायचं.

सगळंच छान आहे असं मात्र नाही. नातीच्या फोनमध्ये कानाच्या तालमीचं एक ॲप होतं. सूर वाजतात, खाली चार पर्याय, बरोबर आलं की हिरवी खूण. त्यात तिला शंभरात शहाण्णव. आणि बँडच्या तालमीत पियानोवाल्याने कॉर्ड बदलला तर पत्ता नाही. ती स्वतःच म्हणाली, ॲपमध्ये मला माहीत असतं की आता परीक्षा आहे. तिथल्या जाणत्या लोकांचीही तक्रार अशी, की विद्यापीठातून बाहेर पडणारी पोरं कॉर्डावर कुठली स्केल, म्हणजे सुरांची माळ, चालते ते पटापट सांगतात, वाजवतात मात्र एका साच्यातून काढल्यासारखी. कान सोडून तक्ते पाठ केले की कुठेही हेच होणार, टेक्सास असो नाहीतर आपलं गाव.

आणि आपल्या गावाचंच मला सांगायचंय. त्याच वर्षी परत आल्यावर मी त्या विद्यापीठात परीक्षेच्या साथीला बसलो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. एक मुलगा आला, राग मालकंस. फोनवरचा तानपुरा त्याने सुरू केला तो प–सा चा. मालकंसात पंचम वर्ज्य, रिषभही वर्ज्य. तानपुऱ्याला मध्यम लावायचा असतो हे शेंबडं पोर सांगेल. हा मुलगा पंचमाच्या तानपुऱ्यावर बारा मिनिटं मालकंस गायला. आलाप, बंदिश, ताना. मध्यमावर न्यास करून डोळे मिटायचा, आणि खाली तो पंचम वाजतोय. समोर परीक्षक कागद भरत होते. कोणीही मान वर केली नाही. त्याच मुलाची लेखी उत्तरपत्रिका बाहेर टेबलावर पडली होती, मी सहज चाळली. मालकंस: थाट भैरवी, रे-प वर्ज्य, वादी मध्यम, संवादी षड्ज, समय रात्रीचा तिसरा प्रहर. सगळं बरोबर, अक्षर मोत्यासारखं.

आणि मी? मी साथ करत राहिलो. पहिल्या मिनिटाला हात थबकला होता. पण साथीदाराने परीक्षेत बोलायचं नसतं, मानधनाच्या कागदावर सही व्हायची असते, मुलगा घाबरेल, अशी सगळी कारणं मनात जमवली आणि भाता ओढत राहिलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने विचारलं, 'मग तुम्हाला किती मार्क?'

म्हणून लेखकाला विचारतो, आपलं संगीत कानात असतं म्हणजे नेमकं कोणाच्या कानात? गुरूसमोर बसून शिकलेल्यांच्या असेल, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्गात तीस पोरं, आठवड्याला चार तास, आणि त्यातले दोन इतिहास-शास्त्राचे, तिथे कान आपोआप तयार होतो असं आपण धरून चाललोय. तिथल्या लोकांनी निदान ते धरलं नाही. कान तयार होत नाही, करावा लागतो, हे ओळखून त्याला वेळापत्रकात तास दिला, त्याची परीक्षा ठेवली आणि त्यात नापासही करतात. नातीचे दोन मित्र नापास झाले.

माझी मागणी अगदी लहान आहे. शास्त्राच्या लेखी पेपरातले वीस गुण काढावेत आणि दहा मिनिटांची कानाची परीक्षा ठेवावी. पेटीवर चार सुरांची जुळणी वाजवायची, मुलाने सरगम गाऊन सांगायची. एक अनोळखी तान दोनदा ऐकवायची, तिसऱ्यांदा त्याने म्हणायची. तानपुरा मुद्दाम किंचित उतरवून ठेवायचा, गायला बसण्याआधी त्याने तो लावून घ्यायचा. त्याला ना पियानो लागतो, ना ॲप, ना अमेरिका. परीक्षकांना मात्र कागदातून मान वर करावी लागेल.

पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे. मला साथीला बोलावलं, तर या खेपेस फोन बाजूला ठेवून तानपुरा मी स्वतः लावणार आहे. आणि कोणी मालकंस काढला, तर मुद्दाम पंचम लावून, पेटी मिटून, मिनिटभर गप्प बसणार आहे. बोलावतात की नाही, ते हे पत्र छापून आल्यावर कळेलच.

आपला,
एक पेटीवाला, मिरज